दूरध्वनीवरचा तोतया

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा भट्टीतून केवळ लोखंडच बाहेर पडते असे नाही. एक वायूही बाहेर पडतो, आणि त्याचा सुमारे पाव हिस्सा कार्बन मोनॉक्साइडचा असतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. श्वासावाटे तो रक्तात शिरतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो. १२ जून २०१४ रोजी याच कारखान्याच्या एका पंपघरात हा वायू शिरला आणि ६ जणांचे प्राण गेले. मृतांत नवशिके कामगारच होते असे नव्हे. वरिष्ठ अधिकारीही होते.

या दुर्घटनेत एक कटू सत्य सामावलेले आहे. ज्या धोक्याला वासच नाही, तो ओळखण्यासाठी कितीही वर्षांचा अनुभव असला तरी नाक तयार होत नाही. म्हणूनच वायूच्या नळाजवळ काम करणाऱ्याने आपल्या नाकावर विसंबून चालत नाही. त्याच्याजवळ वायुमापक असावा लागतो, कामाचा लेखी परवाना असावा लागतो आणि सोबत दुसरा माणूस असावा लागतो. कोणी दुरून हाक मारून 'झडप उघड' म्हटले, एवढ्यावर झडप उघडावयाची नसते. मग हाक मारणारा कितीही ओळखीचा वाटो. यात हाक मारणाऱ्याचा अपमान नाही. सर्वांचा जीव सांभाळणारी ती एक शिस्त आहे.

परंतु हीच शिस्त कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली की मागे राहते. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे परवान्याशिवाय झडपेला हात लावला नाही, तोच निवृत्तीनंतर घरी बसून दूरध्वनीवरील एका अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपल्या खात्याची झडप उघडतो. त्याही धोक्याला वास नसतो.

एक साधा प्रसंग

कल्पनेनेच एक प्रसंग पाहू. वऱ्हाडातून तरुणपणी भिलाईस आलेले एक गृहस्थ कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले आहेत आणि हुडको वस्तीत राहतात. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांची रक्कम बँकेत आहे. तीच त्यांच्या उत्तरायुष्याची शिदोरी. सकाळी अकराच्या सुमारास मोबाइल वाजतो. बोलणारा तरुण अत्यंत आदबीने, शुद्ध हिंदीत बोलतो. तो त्यांचे पूर्ण नाव घेतो, जन्मतारीख सांगतो, त्यांच्या कार्डावरील शेवटचे चार आकडेही सांगतो. आपण बँकेच्या मुख्य कार्यालयातून बोलत असून त्यांची केवायसीची कागदपत्रे अपुरी असल्याने खाते आज सायंकाळी बंद होणार आहे, असे तो कळवितो. मग दिलासाही तोच देतो. शाखेत हेलपाटे घालण्याची गरज नाही. दहा मिनिटांत सारे घरबसल्या होईल. अट एकच, फोन मध्येच ठेवावयाचा नाही.

स्वयंपाकघरातून पत्नी विचारते, "अहो, कोणाचा फोन आहे?" ते हातानेच 'थांब' अशी खूण करतात.

या प्रसंगातील खरा निर्णायक क्षण कोणता? संदेशातून आलेले आकडे त्यांनी वाचून दाखविले तो क्षण नव्हे. तोही महत्त्वाचा, पण तोवर बहुतेक काम झालेले असते. निर्णायक क्षण होता तो हाताच्या खुणेचा. एक प्रश्न विचारणारे, मायेचे, शहाणे माणूस दहा पावलांवर उभे होते आणि त्यालाच दूर ठेवण्यात आले.

अशा प्रसंगांची देशातील बेरीज लहान नाही. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे सायबर फसवणुकीत नागरिकांनी २०२३ साली ७,४६५ कोटी रुपये गमावले होते. २०२४ साली हीच रक्कम २२,८४५ कोटी रुपयांवर गेली. यातील सर्वच फसवणूक दूरध्वनीवरून झाली असे नाही. परंतु विश्वासातील संस्थेचे सोंग हा तिच्यातील एक प्रमुख मार्ग आहे. कधी ते सोंग बँकेचे असते, कधी वीज कंपनीचे, कधी कुरिअर कंपनीचे, कधी दूरसंचार विभागाचे आणि कधी पोलिसांचे. 'मागील महिन्याचे बिल भरलेले नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा तोडण्यात येईल' हा संदेश २०२२ च्या सुमारास देशभर असंख्य मोबाइलांवर आला, तो याच जातीचा.

तोतयाचे जुने आणि नवे रूप

मराठी वाचकाला 'तोतया' हा शब्द नवा नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, परंतु त्यांच्या मृत्यूविषयी पुष्कळांचे मन मानेना. त्या आशेचा लाभ घेऊन उत्तरेकडील एक मनुष्य 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. १७७६ साली त्याने कोकणात बंड माजविले, किल्ले घेतले आणि अखेर पकडला जाऊन पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. लोक त्याच्यामागे का गेले? ते मूर्ख होते म्हणून नव्हे. ज्या नावावर त्यांची श्रद्धा होती ते नाव त्याने घेतले होते. तोतयाचे भांडवल त्याचे स्वतःचे कधीच नसते. दुसऱ्याने कष्टाने मिळविलेल्या विश्वासावर तो व्यापार करतो.

त्या तोतयाला निदान चेहरा, चाल आणि बोलणे जुळवावे लागले. आजच्या तोतयाचे काम फारच सोपे झाले आहे. कारण दूरध्वनी हे यंत्र माणूस पोहोचवीत नाही, माणसाचा केवळ एक अंश पोहोचविते.

तो अंश किती लहान आहे हे पाहण्यासारखे आहे. दूरध्वनीच्या जुन्या मार्गांवरून साधारणपणे ३०० ते ३,४०० हर्ट्झ कंपनसंख्येचाच ध्वनी जातो. बोलणे समजण्यास तेवढे पुरते म्हणून अभियंत्यांनी वरचा आणि खालचा भाग काटकसरीने वगळला. 'स' आणि 'फ' यांतील भेद ज्या उच्च कंपनांवर अवलंबून असतो, ती त्यात बव्हंशी गळून पडतात. याचमुळे फोनवर नाव सांगताना 'सफरचंदातला स' असे म्हणावे लागे. नव्या मार्गांवर ध्वनी अधिक भरदार येतो. पण त्याच काळात आवाजाची नक्कल करणारी यंत्रेही निर्माण झाली आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी केवळ ३ सेकंदांच्या नमुन्यावरून एखाद्याच्या आवाजाची नक्कल करणारी प्रणाली जाहीर केली. तेव्हा 'आवाज ओळखीचा होता' ही साक्ष आता पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही.

मग पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकाचे काय? पुष्कळांची अशी समजूत असते की तो क्रमांक म्हणजे फोन करणाऱ्याची ओळखच होय. वस्तुतः ते केवळ एक निवेदन असते. फोन ज्या जाळ्यातून निघतो ते जाळे पुढील जाळ्याला 'हा अमुक क्रमांकावरून आला आहे' असे कळविते आणि पुढचे जाळे ते मान्य करते. दूरध्वनी जाळ्यांत या निवेदनांची देवाणघेवाण करणारी जी पद्धत दीर्घकाळ रूढ राहिली, ती १९७० च्या दशकात घडविली गेली. तेव्हा दूरध्वनी कंपन्या मोजक्या होत्या आणि त्यांचा परस्परांवर विश्वास होता. तेथे खोटे बोलणारा शिरेल ही शंका रचनेच्या वेळी फारशी घेतली गेली नाही. आज इंटरनेटवरून परदेशातून निघालेला फोनही भारतीय क्रमांक मिरवीत येऊ शकतो. दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी असे फोन अडविणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख फोन बनावट क्रमांकाचे म्हणून अडविले गेले. याखेरीज अनेक सिमकार्डे एकत्र बसविलेल्या पेट्या असतात. त्या इंटरनेटवरील फोनला स्थानिक फोनचे रूप देतात.

राहिली माहिती. नाव, जन्मतारीख, कार्डाचे चार आकडे ज्याला ठाऊक आहेत तो बँकेचाच असला पाहिजे, हा तर्क वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु आपण आपली माहिती किती दुकानांत, किती अर्जांवर, किती ॲपमध्ये देतो ते आठवावे. अशा याद्या चोरल्या जातात व विकल्या जातात. माहिती ठाऊक असणे हा ओळखीचा पुरावा नव्हे; ती माहिती कोठून तरी बाहेर पडली आहे, एवढाच तो पुरावा.

तात्पर्य, आवाज, क्रमांक आणि माहिती या तिन्हींपैकी एकही वस्तू समोरच्याची ओळख पटविण्यास पुरेशी नाही.

हा दोष बुद्धीचा नव्हे

फसलेल्या माणसाविषयी समाजाचा पहिला उद्गार ठरलेला असतो: 'एवढा शिकलेला माणूस, आणि कसा फसला?' या उद्गारामागील गृहीत तपासून पाहिले पाहिजे. मानसशास्त्रात यासंबंधी एक उद्बोधक प्रयोग झालेला आहे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९६६ साली तो प्रसिद्ध केला. रुग्णालयांत कामावर असलेल्या २२ परिचारिकांना, प्रत्येकीला स्वतंत्रपणे, एका 'डॉक्टरां'चा फोन आला. त्या डॉक्टरांना त्यांपैकी कोणीही ओळखत नव्हती. अमुक रुग्णास एका औषधाचे २० मिलिग्रॅम ताबडतोब द्या, मी येऊन सही करतो, असे त्यांनी सांगितले. औषधाच्या डबीवर दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम अशी स्पष्ट छापलेली होती. फोनवरच्या सांगण्यावरून औषध द्यावयाचे नाही असा नियमही होता. तरीही २२ पैकी २१ परिचारिका औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या. प्रयोगकर्त्यांनी त्यांना वाटेतच थांबविले. डबीतील गोळ्याही निरुपद्रवी होत्या. याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढे आहे. हीच परिस्थिती नुसती वर्णन करून दुसऱ्या परिचारिकांना 'तुम्ही काय कराल?' असे विचारले, तेव्हा जवळजवळ सर्वांनी 'आम्ही औषध देणार नाही' असे उत्तर दिले.

खुर्चीवर बसून दिलेले उत्तर आणि फोन कानाशी असताना केलेली कृती यांत एवढे अंतर असते. 'मी कधीच फसणार नाही' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानी घ्यावे. त्या परिचारिका अडाणी नव्हत्या. आपल्या कामावर त्यांची निष्ठा होती आणि नेमक्या त्या निष्ठेचाच त्यांना फास बसला.

या प्रयोगाचे उत्तरार्धासारखे एक प्रकरण १९७७ साली प्रसिद्ध झाले. रँक आणि जेकबसन या संशोधकांनी तसाच प्रयोग पुन्हा केला. पण त्यात औषध परिचारिकांच्या परिचयाचे होते आणि त्यांना सहकाऱ्यांशी बोलण्याची मोकळीक होती. या वेळी १८ पैकी केवळ २ परिचारिका ती मात्रा देण्यास तयार झाल्या. माणसाचा स्वभाव अकरा वर्षांत बदलला नव्हता. परिस्थिती बदलली होती. हाताशी थोडी माहिती आणि शेजारी बोलावयास एक माणूस एवढे असले, की खोट्या आज्ञेचा जोर ओसरतो.

म्हणूनच तोतया आपल्या सावजाला प्रथम एकटे पाडतो. 'फोन ठेवू नका', 'कोणाला सांगू नका', 'वेळ फार थोडा आहे' ही तीन वाक्ये म्हणजे त्याच्या धंद्याची हत्यारे होत. २०२४ साली वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख, पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांना तोतयांनी तपास अधिकाऱ्यांचे सोंग घेऊन सतत व्हिडिओच्या नजरेखाली ठेवले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीचा देखावा उभा करून ७ कोटी रुपये काढून घेतले. त्यांनी तक्रार केली आणि त्यातील सुमारे सव्वापाच कोटी रुपये पोलिसांना परत मिळविता आले. मोठा उद्योग चालविणारी बुद्धी जेथे अपुरी पडली, तेथे दोष बुद्धीचा म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. आणि ज्या 'डिजिटल अटके'च्या धाकाने हे घडते, ती अटक भारताच्या कायद्यात कोठेही नाही. व्हिडिओवरून कोणालाही अटक होत नसते.

आकडे नव्हे, सही

तोतया शेवटी काय मागतो याचे यांत्रिक स्वरूप समजून घेतले, तर पुष्कळसा गोंधळ दूर होतो.

मोबाइलवर येणारा ओटीपी ही एखादी माहिती आहे असे लोकांना वाटते. म्हणून ती सांगण्यात त्यांना वावगे दिसत नाही. ती माहिती नव्हे, सही आहे. कार्डाने इंटरनेटवर पैसे देताना कार्डाच्या आकड्यांखेरीज आणखी एक खूण पटली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक केले. ओटीपी ही ती दुसरी खूण होय. ती ज्याच्या हाती गेली, त्याच्या हाती आपण सही केलेला कोरा धनादेश गेला.

२०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीतील पिनचेही तसेच आहे. पिन दाबावा लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे मिळण्यासाठी तो कधीच लागत नाही. 'आपल्याला परतावा पाठवितो, त्यासाठी पिन दाबा' असे जो म्हणतो, तो आपल्याकडूनच पैसे नेत असतो. चौकटीचे चित्र स्कॅन करावयास सांगणाऱ्याचेही तेच.

दूरवरून आपला मोबाइल पाहता येईल असे ॲप उतरवून घेण्यास काही तोतये सांगतात. दुरुस्तीच्या कामी अशी ॲप उपयोगी असतात. पण अनोळखी माणसाने ते उतरवावयास सांगितले की घराची किल्ली त्याच्या स्वाधीन झाली असे समजावे. या प्रकाराविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. लग्नाची निमंत्रणपत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून संदेशातून येणारी 'एपीके' फाइल हेही तेच हत्यार, वेगळ्या म्यानात घातलेले.

या सर्वांचे नियम पाठ करावे लागतील असे नाही. तोतये रोज नवे निमित्त शोधतील. उद्याचे सोंग कोणते असेल हे आज सांगता येणार नाही. सोंगांची यादी पाठ करणारा मनुष्य यादीबाहेरच्या सोंगाला फसतो. म्हणून नियम असा हवा, की जो प्रत्येक सोंगाला सारखाच लागू पडेल.

परवान्याची रीत

तो नियम एका वाक्याचा आहे: आलेल्या फोनवर पैशाचा व्यवहार करावयाचा नाही; फोन ठेवावयाचा आणि आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर आपण फोन करावयाचा.

बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागील बाजूस आणि पासबुकावर असतो, वीज कंपनीचा बिलावर असतो. तो आजच एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घरातील फोनजवळ किंवा शीतकपाटावर चिकटवून ठेवावा. बोलणाऱ्याने दिलेला क्रमांक घेऊ नये आणि ऐन वेळी इंटरनेटवरही शोधू नये. तेथे तोतयांनी खोटे 'ग्राहकसेवा क्रमांक' पेरून ठेवलेले असतात. या रीतीत आवाज खरा की खोटा, हे आपल्याला ठरवावेच लागत नाही. नाकाने वायू हुंगण्याचा प्रयत्नच सोडून द्यावयाचा आणि मापक पाहावयाचा, असा हा प्रकार आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला शिष्टाचाराचा. बोलत्या माणसाचा फोन ठेवणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते, आणि वडीलधाऱ्यांना तर ते फारच जड जाते. तोतयाला हे पुरते ठाऊक असते. परंतु 'मी बँकेच्या क्रमांकावर फोन करून विचारतो' हे वाक्य उद्धट नाही. शिवाय यात एक सुंदर परीक्षा दडलेली आहे. खऱ्या अधिकाऱ्याचे या वाक्याने काहीच बिघडत नाही; तो 'अवश्य करा' म्हणेल. तोतयाचे मात्र सर्वस्व त्याच क्षणी जाते, म्हणून तो रागावेल, घाबरवील वा अजीजी करील. थांबण्याने ज्याचे नुकसान होते, तो आपला हितचिंतक नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशाने समाजातील विश्वासच नाहीसा होणार नाही काय? तसे होण्याचे कारण नाही. बँकेवरचा विश्वास काढून घ्या असे कोणी म्हणत नाही. तो विश्वास आवाजावर न ठेवता मार्गावर ठेवावा, एवढेच म्हणणे आहे. कारखान्यात परवाना मागणारा कामगार आपल्या मुकादमाचा शत्रू नसतो. किंबहुना त्या परवान्यामुळेच दोघेही निर्धास्त काम करू शकतात.

या नियमाला जोड हवी ती दुसऱ्या माणसाची. कितीही घाई असली तरी पैसे पाठविण्यापूर्वी घरातील किंवा शेजारच्या एका माणसाला मोठ्याने सांगावे: 'असा असा फोन आला आहे.' पुष्कळदा ते वाक्य उच्चारतानाच त्यातील विसंगती स्वतःच्या कानाला जाणवते. ज्यांची मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी आहेत अशी एकाकी वृद्ध जोडपी भिलाईत थोडी नाहीत. त्यांच्यासाठी असा दुसरा माणूस कोण, हे कुटुंबाने आधीच ठरवून ठेवले पाहिजे.

पहिला तास

एवढे करूनही कोणी फसलाच तर? पैसा चोराच्या हाती एकदम जात नाही. तो एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात धावत जातो. ही खाती बहुधा थोड्या मोबदल्यासाठी आपले खाते भाड्याने देणाऱ्यांची असतात. तरुणांनी त्या मोहात पडू नये, कारण पोलीस प्रथम त्यांच्याच दारी येतात. पैसा वाटेत असतानाच पुढच्या बँकेला इशारा मिळाला, तर तो अडविता येतो. त्यासाठीच १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. फसवणूक लक्षात येताच प्रथम तेथे आणि आपल्या बँकेला कळवावे. २०१९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदविता येते. पैसे गेले नसतील, पण फोन संशयास्पद असेल, तर संचार साथीवरील 'चक्षू' या सोयीत तो कळविता येतो. ती मार्च २०२४ मध्ये सुरू झाली.

येथे पुन्हा लज्जा आडवी येते. 'मुलगा काय म्हणेल, शेजारी काय म्हणतील' या विचारात पहिला तास निघून जातो, आणि तोच तास मोलाचा असतो. 'कसा फसलास?' असे विचारणारे घर नकळत तोतयाला मदत करते. विचारावयाचा प्रश्न एकच: '१९३० ला फोन केलास का?'

संस्थांचे कर्तव्य

सगळा भार नागरिकावर टाकून मात्र मोकळे होता येणार नाही. ज्यांच्या नावाचे सोंग घेतले जाते, त्या संस्थांकडेही काही कर्तव्ये येतात. बँक स्वतःच ग्राहकाला फोन करते आणि 'खात्री करण्यासाठी जन्मतारीख सांगा' म्हणते, तेव्हा ती ग्राहकाला तोतयापुढे मान तुकविण्याचे शिक्षण देते. संस्थेने फोनवर कोणतीही माहिती मागू नये; 'आमच्या छापील क्रमांकावर आपण फोन करा' एवढेच सांगावे. त्या क्रमांकावर माणूस लवकर भेटावा, हेही तितकेच आवश्यक आहे. अर्धा तास वाद्यसंगीत ऐकावे लागले, तर ग्राहक आदबीने बोलणाऱ्या तोतयाकडेच परत जाईल.

या दिशेने काही पावले पडली आहेत. सरकारी व वित्तीय संस्थांच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका दूरसंचार विभागाने २०२४ साली राखून ठेवली, आणि २०२५ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ती स्वीकारण्यासाठी बँकांना कालमर्यादा घालून दिली. बँकांच्या संकेतस्थळांसाठीही २०२५ मध्ये स्वतंत्र नामविभाग ठरविण्यात आला. हे स्वागतार्ह आहे. तरीही क्रमांक हे अखेर निवेदनच असते, याचा विसर पडू देऊ नये.

शाळांतून अग्निशमनाची रंगीत तालीम होते. तशीच तालीम या बाबतीतही व्हावी. एका विद्यार्थ्याने तोतया व्हावे, दुसऱ्याने आजोबा. आणि आजोबांनी प्रत्येक वेळी शांतपणे म्हणावे, 'मी परत फोन करून विचारतो.' ग्रंथालयात येणाऱ्या ज्येष्ठांनाही या तालमीत घ्यावे. हॉफलिंग यांच्या प्रयोगाने दाखविले ते हेच, की नियम नुसता ठाऊक असून भागत नाही. तो जिभेवर बसलेला असावा लागतो.

भिलाईच्या भट्ट्यांजवळ वावरलेल्या माणसाला ही शिस्त नवी नाही. ती फक्त फाटकातून घरी आणावयाची आहे. झडपेला हात घालण्यापूर्वी तो जसा क्षणभर थांबत असे आणि परवाना पाहत असे, तसेच त्याने फोन वाजल्यावर थांबावे. आणि स्वयंपाकघरातून 'कोणाचा फोन आहे?' असा प्रश्न आला, की फोन खाली ठेवून आधी त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.